आठवड्याला एक खर्डा: कॉफीच्या टेबलावरची बैठक

हौसेने लिहिणाऱ्यांचं लिखाण साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात अडतं. कारण विचारलं की वेळ नाही म्हणतात, पण त्याच मंडळींचे आठवड्यातले दोन-तीन तास कॉफीशॉपमध्ये आरामात जात असतात. खरी अडचण अशी, की विषय शोधणं, लिहिणं आणि लिहिलेलं तपासणं ही तिन्ही कामं एकाच बैठकीत उरकायला बघतात. कॉफीशॉप यातल्या एकाच कामाला चांगलं, कच्चा खर्डा काढायला. विषय घरून ठरवून न्यायचा आणि तपासणी दुसऱ्या दिवशी घरी करायची.

विषयासाठी खिशात छोटी टाचणवही ठेवा किंवा फोनमध्ये एकच लांबलचक टिपण. आठवडाभर सुचेल ते एकेका ओळीत टाका. मात्र नुसतं 'पाऊस' लिहून ठेवलंत तर शनिवारी त्यातून काहीच निघणार नाही. 'पहिल्या पावसात आमच्या गल्लीतले दुकानदार फळ्या कुठून काढतात' हा विषय आहे, कारण त्यात कोणीतरी काहीतरी करतंय. ओळीत क्रियापद नसेल तर ती अजून विषय झालेली नाही असं समजा. निघण्यापूर्वी एक ओळ निवडा आणि कागदाच्या चिटोऱ्यावर तीन प्रश्न लिहा, ज्यांची उत्तरं लेखात यायला हवीत. साल, गावाचं नाव, कुणाच्या आडनावाचं शुद्धलेखन असं काही शोधायचं असेल तर ते घरीच शोधून त्याच चिटोऱ्यावर नोंदवा. या सगळ्याला दहा मिनिटं पुरतात.

जागा कोणती घ्यायची? इराण्याकडे फार वेळ बसायचं नसतं. पुण्यात डेक्कनचं गुडलक 1935 पासून आणि मुंबईत धोबी तलावचं क्यानी 1904 पासून चालतंय ते टेबलं भराभर मोकळी होतात म्हणून. तिथे चहा, बनमस्का आणि वहीत वीस मिनिटं, एवढंच. लॅपटॉप काढलात तर समोर उभ्या गिऱ्हाइकाची नजर तुमच्या बशीवर राहील, आणि ते बरोबरच आहे. उडप्याकडेही तोच न्याय. बसायची जागाही किमतीत धरलेली असते ती साखळी कॉफीशॉपमध्ये. कॅफे कॉफी डेचं 1996 मधलं पहिलं दुकान बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर निघालं तेच मुळी कॉफी आणि इंटरनेट एकत्र विकायला.

टेबल निवडताना कॉफी दळायच्या यंत्रापासून आणि दूध वाफवायच्या नळीपासून लांब बसा. गप्पांचा सलग गलका कानाला सवयीचा होतो, मध्येच उठणाऱ्या घर्र आवाजाची सवय होत नाही. मेहता, झू आणि चीमा या संशोधकांच्या 2012 च्या अभ्यासात साधारण 70 डेसिबलच्या आवाजात लोकांना 50 डेसिबलच्या शांततेपेक्षा जास्त कल्पना सुचल्या होत्या, 85 डेसिबलला मात्र काम बिघडलं. म्हणजे कुजबुज ते गजबज यांच्या मधली वेळ गाठायची. आठवड्याच्या दिवशी सकाळी साडेदहा ते बारा चांगली, शनिवारची संध्याकाळ वाईट. पाठ भिंतीकडे असावी. संध्याकाळी पश्चिमेच्या काचेकडे पाठ करून बसलात तर पडद्यावर फक्त ऊन दिसेल. आणि तो मऊ सोफा टाळाच. त्याच्यापुढचं टेबल गुडघ्याएवढं असतं, वीस मिनिटांत मान आखडते आणि खापर विषयावर फुटतं.

दुकानात पोचल्या पोचल्या कॉफी मागवा. कॅफीनचं रक्तातलं प्रमाण अर्ध्या ते एका तासात शिखरावर जातं, त्यामुळे पन्नास मिनिटांच्या बैठकीत शेवटी मागवलेल्या कपाचा उपयोग फक्त रात्री जागं राहायला होतो. निम्मं कॅफीन उतरायला सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कपातलं निम्मं रात्री अकराला अंगात असतं. निरोगी प्रौढाने एका वेळी 200 आणि दिवसभरात 400 मिलिग्रॅमच्या आत राहावं, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेचं मत आहे. गरोदरपणी दिवसभराचीच मर्यादा 200. चिकरी घातलेल्या फिल्टर कॉफीत तेवढं कॅफीन कमी, कारण चिकरीत ते नसतंच. लिहिताना कप विसरला जातो, म्हणून अमेरिकानो, म्हणजे गरम पाणी घातलेली बिनदुधाची कॉफी, सोयीची. गार झाली तरी पिता येते. कॅपुचिनोचा फेस दहा मिनिटांत बसतो आणि वर साय धरते. कोल्ड कॉफीतला बर्फ वितळून खाली पाणचट दूध उरतं. सोबत ब्राउनी नको, बोटं कळफलकाला चिकटतात.

आता प्रत्यक्ष बैठक. फोन विमान-मोडवर टाकून पिशवीत, लॅपटॉपचं वायफाय बंद. दुकानाचा पासवर्ड मागूच नका. देवनागरी अक्षर साठवायला तीन बाइट लागतात हे धरलं तरी सहाशे शब्दांचा मजकूर पंधरा किलोबाइटच्या आसपास भरतो, तो घरी येऊन कधीही पाठवता येतो. पहिली पाच मिनिटं चिटोऱ्यावरचे तीन प्रश्न वर उतरवून काढा, पुढची चाळीस मिनिटं फक्त पुढे जा. मागे फिरून वाक्य दुरुस्त करायचं नाही. एखादी माहिती आठवत नसेल तर तिथे 'झझझ' लिहा आणि पुढे सरका. हा अक्षरसमूह मराठीत सहसा कुठे येत नाही, त्यामुळे नंतर शोधला की नेमकी अडलेली जागा सापडते. शेवटच्या पाच मिनिटांत काय राहिलं ते तळाशी लिहा आणि उठा. चारशे ते सहाशे शब्द झाले तर बैठक उत्तम झाली.

बैठक फसते ती बहुतेक वेळा पहिल्या परिच्छेदावर. पडद्यावर खोडणं फुकट असतं, म्हणून तोच परिच्छेद सात वेळा लिहिला जातो आणि कप रिकामा होतो. उपाय साधा आहे: दुसऱ्या परिच्छेदापासून सुरुवात करा, म्हणजे जिथे काही घडतंय तिथून. तरीही हात मागे जात असेल तर त्या दिवशी पेन आणि वही.

दुसरं विघ्न टंकलेखनाचं. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिलं की प्रत्येक शब्दाला तीन-चार पर्याय उभे राहतात, आणि 'दिन' की 'दीन' हे निवडता निवडता वाक्य हातून निसटतं. इनस्क्रिप्ट या थेट देवनागरी कळफलकात निवड करावी लागत नाही. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. रोज पंधरा मिनिटं दिलीत तर दोन-तीन आठवड्यांत हात बसतो. बोलून टंकणं घरी ठीक. कॉफीशॉपमध्ये शेजारच्यांची ऑर्डरही तुमच्या लेखात शिरते.

सॉकेटवर विसंबू नका. 20,000 एमएएचच्या पॉवर बँकेत कागदावर 74 वॉट-तास असतात. गळती वजा जाता साधारण 50 वॉट-तासांचा लॅपटॉप एकदा भरतो, पण पॉवर बँक टाइप-सी पीडीची (म्हणजे लॅपटॉपला पुरेल इतकी वीज देणारी) आणि 45 वॉटची हवी. त्याआधी पडद्याचा उजेड निम्मा करा, सगळ्यात जास्त वीज तोच खातो. कप लॅपटॉपच्या उजवीकडे पण मागच्या कडेला ठेवा. कॉफी सांडलीच तर लॅपटॉप लगेच बंद करून चार्जर काढा, तंबूसारखा उलटा उभा करा आणि चालू होतो का ते बघायचा मोह आवरा. दूध-साखर आत सुकून चिकटते, म्हणून कोरडा झाल्यावरही एकदा कारागिराकडून उघडून साफ करून घ्यावा.

तासाला एक ऑर्डर हा हिशेब पाळा. चार खुर्च्यांचं टेबल एकट्याने अडवू नका, गर्दी वाढली की उठा. वेटर ओळखायला लागला की कोपऱ्यातलं टेबल आपोआप मिळतं.

वार ठरवा आणि तोच ठेवा. एखादा आठवडा बुडाला तर पुढच्या आठवड्यात दोन लेखांचा हट्ट धरू नका, त्याने तिसराही बुडतो. त्यापेक्षा सुरुवातीलाच दोन लेख शिलकीत ठेवून मगच पहिला लोकांना दाखवा. तीन आठवडे अर्धवट पडलेला खर्डा ओढत बसू नका. त्याची एक ओळ करून ती परत टाचणवहीत टाका.

दुसऱ्या दिवशीची तपासणी अर्ध्या तासाची. पहिला परिच्छेद काढून लेख मोठ्याने वाचा. काही अडलं नाही तर तो परिच्छेद नकोच होता. मग 'झझझ' शोधा, एकेक जागा भरा. जी भरता येत नाही, तिथलं वाक्यच काढून टाका.