खुनी शोधायचाय, नुसती कुलपं उघडायची नाहीत

मर्डर मिस्ट्री एस्केप रूममध्ये, म्हणजे खोलीतली कोडी ठरलेल्या वेळात सोडवत खुनी शोधायच्या खेळात, किती तरी टीम सगळी कुलपं उघडतात आणि शेवटी खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरने ‘मग खून कुणी केला?’ असं विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. मला याचं फार वाईट वाटतं. एवढी मेहनत घेऊन रचलेली गोष्ट त्यांच्या हातांखालून गेलेली असते आणि त्यांना तिचा पत्ताच नसतो.

2007 साली जपानमधल्या क्योतोमध्ये ताकाओ कातो यांनी एस्केप गेम सुरू केला. एक जागा, काही कोडी आणि पळतं घड्याळ हा त्याचा गाभा आजही कायम आहे. खुनाच्या खोलीत त्यात माणसांची भर पडते: मेलेला, त्याचे आप्त, त्यांची भांडणं, त्यांच्या थापा. म्हणून आत पाऊल टाकण्याआधीच टीममधल्या एकाला कुलपांतून मोकळं करा. त्याने फक्त गोष्ट सांभाळायची. कोण, कुठे, किती वाजता, एवढंच लिहायचं. वही-पेन आत नेता येतं का ते आधी विचारून घ्या. हे काम मी नेहमी स्वतःकडे मागून घेते आणि मला तेच सगळ्यात जास्त आवडतं.

सुरुवातीची सूचना नीट ऐका. कशाला हात लावायचा नाही आणि संकटकाळी दार कसं उघडायचं हे तिथे सांगतात. संशयितांची नावंही अनेकदा त्यातच येऊन जातात.

आत गेल्यावर पांगा आणि जे सापडेल ते मोठ्याने बोला. ‘इथे निळी किल्ली आहे’, ‘या फोटोमागे आकडे आहेत.’ कोटाचे खिसे, खणांची खालची बाजू, पुस्तकांची पानं, गालिच्याचे कोपरे, सगळं बघा. वापरलेली किल्ली त्याच कुलपात राहू द्या, म्हणजे तीच पुन्हा कुणी लावून बघणार नाही.

कागदांचं मात्र तसं करू नका. समजा, कोटाच्या खिशात रेल्वेचं तिकीट सापडलं, त्यावर वेळ 9:40. पेटीचं कुलूप 940 ला उघडतं, सगळे आनंदाने ओरडतात आणि तिकीट जमिनीवर पडतं. पण कोट धाकट्या भावाचा आहे आणि त्याने जबाबात सांगितलंय की तो आठपासून घरातच होता! कुलूप उघडणं हे त्या तिकिटाचं अर्धंच काम होतं. म्हणून एक टेबल पुराव्यांसाठी राखा आणि प्रत्येक कागद, वापरून झाला तरी, तिथेच ठेवा.

तीन आकडी कुलपाला 1000 शक्यता असतात. दोन आकडे जागेसकट कळले असतील तर उरतात 10, आणि तिन्ही वेगवेगळे आकडे माहीत असून क्रम कळत नसेल तर फक्त 6. एवढ्या जरूर फिरवून बघा, पण उघडल्यावर तो क्रम कुठून यायला हवा होता तेही शोधा. बरेचदा तिथेच कुणाची तरी थाप दडलेली असते.

आत कलाकार असतील तर लाजू नका, त्यांना खरं मानून बोला. ‘खून तुम्ही केलात का?’ या प्रश्नातून काही निघत नाही. ‘तुम्ही अभ्यासिकेत शेवटचे कधी गेलात?’ असं विचारा, थोड्या वेळाने तोच प्रश्न दुसऱ्या कुणीतरी विचारा आणि दोन्ही उत्तरं लिहून ठेवा. त्यांच्या अंगाला हात लावू नका.

एकाच कोड्यापाशी पाच-सात मिनिटं घोडं अडलं तर हिंट मागा. हिंट मागण्यात कमीपणा कसला? खेळ तासाचा असेल तर शेवटची दहा मिनिटं कुलपं सोडून सगळ्यांनी पुराव्यांच्या टेबलाशी या. प्रत्येक संशयितासमोर तीन गोष्टी मांडा: हेतू, साधन, संधी. तिन्ही ज्याच्यावर बसतात आणि ज्याचा जबाब एखाद्या पुराव्याने खोटा पडतो, त्याचं नाव घ्या. नुसतं नाव सांगून थांबू नका, तो पुरावा हातात धरून दाखवा.

खेळ संपला की गेम मास्टरला विचारा, आमच्या नजरेतून काय सुटलं? बहुतेक जण अगदी हौसेने दाखवतात. ते बघून घ्या आणि अजून न खेळलेल्यांपाशी त्यातलं एक अक्षरही बोलू नका.