मुलाला पहिल्यांदा फुटबॉल सामन्याला नेताना

पहिल्याच वेळी मोठ्या चुरशीच्या लढतीच्या मोहात पडू नका. कट्टर प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्याला गर्दी, शिवीगाळ, बंदोबस्त सगळंच जास्त. साधा साखळी सामना, तोही दिवसाउजेडी, बरा. गोलपोस्टच्या मागचा स्टँड शक्यतो टाळा. तिथे जोशातले पाठीराखे बरेचदा उभ्यानेच सामना बघतात आणि मुलाला पुढच्याच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. मैदानाच्या लांबीकडची, थोडी वरची, जिन्यालगतची खुर्ची उत्तम.

खरा प्रश्न आवाजाचा. गोल झाला की हजारो माणसं एकदम ओरडतात आणि टीव्हीचा आवाज हवा तसा कमी करायची सवय असलेलं पोर दचकून रडायला लागतं. कान झाकणारे इअरमफ सोबत ठेवा, पण आधी घरी घालून बघा. तिथे अचानक पिशवीतून बाहेर काढलेत तर मूल कानाला हात लावू देणार नाही. थोडं लवकर पोचलात तर स्टँड निम्मे रिकामे असतात, खेळाडू सराव करत असतात, गलका हळूहळू वाढतो आणि मूल रुळतं.

पूर्वार्ध ४५ मिनिटांचा. स्वच्छतागृहात ४० व्या मिनिटालाच न्या, कारण मध्यंतराची १५ मिनिटं रांगेतच संपतात. (नेमका तेव्हाच गोल होईल. सोसा.)

मनगटावर पेनाने तुमचा फोन नंबर लिहा. चुकामूक झाली तर कुणाकडे जायचं, तो चमकत्या जॅकेटमधला कर्मचारी आत शिरतानाच दाखवा.

उत्तरार्धात मूल कंटाळलं तर तिकिटाच्या पैशांचा विचार न करता उठा. शेवटपर्यंत थांबलात तर मात्र शिट्टीनंतर गर्दी ओसरेपर्यंत जागेवरच बसून राहा.