ब्रिटिश शॉर्टहेअर: डोळ्यांपेक्षा हातांनी ओळखायची मांजर

मांजर निळसर राखाडी दिसली की तिला लगेच ‘ब्रिटिश’ म्हणू नये. रशियन ब्लू, थायलंडची कोराट आणि फ्रान्सची शार्त्रू याही राखाडीच असतात. पहिल्या दोघींचे डोळे हिरवे आणि अंग सडपातळ किंवा मध्यम बांध्याचे, त्यामुळे त्या पटकन वेगळ्या काढता येतात. शार्त्रूचे डोळे मात्र ब्रिटिश ब्लूसारखेच, म्हणजे निळसर राखाडी ब्रिटिश शॉर्टहेअरसारखेच, तांबूस असतात आणि घोटाळा इथेच होतो. अशा वेळी अंगावरून हात फिरवावा. शार्त्रूची फर लोकरीसारखी लागते, नाकाडाचा भाग अरुंद असतो आणि रुंद अंगाच्या मानाने पाय बारीक असतात. ब्रिटिशची फर आखूड पण इतकी दाट की केस अंगाला चिकटून न बसता उभे राहतात. मान वळवली की ते फाकलेले दिसतात. छाती रुंद, पाय आखूड व जाड, कान लहान आणि एकमेकांपासून दूर. गाल गुबगुबीत, विशेषतः नसबंदी न झालेल्या प्रौढ बोक्याचे. नाक आखूड असले तरी पर्शियनसारखे आत दबलेले नसावे.

रंगावर तर अजिबात जाऊ नका. ही जात काळ्या, पांढऱ्या, क्रीम, चंदेरी, पट्ट्यांच्या अशा कितीतरी रंगांत येते. चंदेरी छटेच्या मांजरांचे डोळे हिरवे आणि कलरपॉइंटचे (अंग फिकट, पण तोंड, कान, पाय आणि शेपूट गडद) निळे असतात. पिल्लू निळ्या डोळ्यांनीच जन्मते. डोळ्यांचा पक्का रंग यायला वर्षभरही लागू शकते. लहान राखाडी पिल्लावर फिकट पट्टे दिसले तर घाबरू नका, मोठेपणी ते बहुधा मावळतात. कान दुमडलेले असतील तर मात्र ती ब्रिटिश शॉर्टहेअर नव्हे. कान दुमडणारे जनुक स्कॉटिश फोल्ड या वेगळ्या जातीचे आहे आणि तेच सांध्यांचा वेदनादायक आजार घेऊन येते. ‘ब्रिटिश फोल्ड’ म्हणून विकले जाणारे पिल्लू घेऊ नये, हे आम्ही ठामपणे सांगतो.

वंशावळीचा कागद वाचताना एक साधी कसोटी लावता येते. निळसर राखाडी हा काळ्याचा फिकट झालेला रंग असून तो अप्रभावी आहे, म्हणजे त्याचे जनुक आई आणि बाप दोघांकडून आले तरच दिसतो. आई-वडील दोघेही निळे असतील तर त्यांना गडद काळे पिल्लू होऊ शकत नाही. तसे लिहिले असेल तर कागद चुकीचा आहे किंवा बाप वेगळा आहे.

ही जात ब्रिटनच्या साध्या गल्लीबोळातल्या मांजरांपासून निवडून घडवली गेली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये 1871 साली हॅरिसन वेअर यांनी मांजरांचे प्रदर्शन भरवले, तेव्हा ही मांजरे तिथे होती. महायुद्धांच्या काळात संख्या फार घटली आणि पर्शियनशी संकर करावा लागला. त्यातून फर आणखी दाट झाली, पण पीकेडी हा मूत्रपिंडात गाठी होण्याचा आजारही आला. त्याची जनुकीय चाचणी होते. दोन्ही पालकांचा अहवाल मागा. हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजारासाठी, म्हणजे एचसीएमसाठी, या जातीत भरवशाची जनुकीय चाचणी नाही. म्हणून पालकांची अलीकडची इको तपासणी (हृदयाची सोनोग्राफी) विचारा. जुना अहवाल पुरेसा नाही, कारण हा आजार मोठ्या वयातही सुरू होतो. पिल्लू 12-13 आठवड्यांचे होण्याआधी आईपासून तोडू नये.

घरी आणल्यावर पहिले काही दिवस एकच खोली द्या. लिटर बॉक्सची (मांजराच्या शौचाच्या पेटीची) लांबी मांजराच्या अंगाच्या दीडपट ठेवा. भारी अंगाची मांजर लहान बॉक्समध्ये वळू शकत नाही, मग बाहेर करते आणि हट्टी ठरते. नखे घासायचा खांबही जड बुडाचा हवा. डुगडुगला की ती सोफ्याकडे वळते. या मांजरांना जवळ बसणे आवडते, उचलून घेणे फारसे नाही. उचलायचेच तर एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली घ्या. अंग ताठ झाले की लगेच खाली ठेवा.

फर आठवड्यातून एकदा विंचरावी, केस गळण्याच्या हंगामात तीन-चारदा. धातूचा कंगवा केसांच्या दिशेने चालवा. आतली लोकर ओढून काढणारी पात्याची अवजारे रोज वापरली तर वरचे केसही तुटतात आणि फरचा भरीवपणा जातो.

सर्वांत जास्त चुका खाण्यात होतात. ही मांजर तीन वर्षांची होईपर्यंत भरत राहते. वर्षाच्या आसपास ती लांबट, किडकिडीत दिसते, मालक काळजीने वाटी भरत जातो, आणि त्याच सुमारास नसबंदीमुळे ऊर्जेची गरज 20 ते 30 टक्क्यांनी घटलेली असते. नसबंदी झालेल्या 4 किलोच्या प्रौढ मांजरीला दिवसाला साधारण 200 ते 240 किलोकॅलरी पुरतात. वाटीच्या अंदाजाने न देता खाणे ग्रॅममध्ये मोजा. दर महिन्याला आधी मांजर घेऊन आणि मग एकट्याने वजनकाट्यावर उभे राहा. फरक हे तिचे वजन. मांजरी साधारण 3.5 ते 5.5 किलो, बोके 5 ते 8 किलो भरतात. आकड्यापेक्षा बरगड्या महत्त्वाच्या: दाट फरखाली त्या दिसणार नाहीत, पण बोटांना सहज लागल्या पाहिजेत. वजन उतरवताना आठवड्याला दोन टक्क्यांपेक्षा जास्त उतरवू नका. लठ्ठ मांजर दिवसभर उपाशी राहिली तर यकृतात चरबी साठायला लागते, म्हणून पशुवैद्याकडे न्या.

स्वभाव मुळात शांत असल्यामुळे आजारपणातली मरगळ लक्षात येत नाही. गाढ झोपेत छातीचे वर-खाली होणे 30 सेकंद मोजून दुप्पट करा. मिनिटाचा हा आकडा पुन्हा पुन्हा 30 च्या वर येत असेल तर हृदय तपासून घ्या. मागचे पाय अचानक लुळे आणि गार पडले, मांजर वेदनेने ओरडू लागली, तर रक्ताची गुठळी अडकलेली असू शकते. त्याच क्षणी दवाखाना गाठा.

या जातीत ‘बी’ रक्तगट बराच आढळतो. अशा मांजराला ‘ए’ गटाचे रक्त चढवले तर जीव जाऊ शकतो. त्यामुळे नसबंदीच्या आधीच्या रक्ततपासणीतच गट तपासून घ्या आणि लसीकरणाच्या पुस्तिकेवर ठळक लिहून ठेवा.