सादरीकरणात स्लाइड, व्हिडिओ आणि आवाज वापरताना या चुका टाळा

हृदयाची झडप कशी उघडते आणि मिटते, हे दहा सेकंदांच्या ॲनिमेशनमध्ये चटकन कळतं. पक्ष्याची शीळ कितीही वर्णन केली तरी शेवटी ऐकवावीच लागते. बोलून भागत नाही तिथे चित्र, आवाज, व्हिडिओ आणायचे, एवढंच त्यांचं काम. घोटाळा होतो तो क्रम उलटा लागल्यामुळे: आधी स्लाइड रंगवल्या जातात आणि मग त्यांच्यावर काय बोलायचं ते शोधलं जातं. आधी बोलणं ठरवा. कुठल्या वाक्यापाशी शब्द अपुरे पडतात, ते तेव्हाच दिसतं.

स्लाइड वाचून दाखवणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. मनातल्या मनात वाचण्याचा वेग बोलण्याच्या वेगापेक्षा बराच जास्त असतो. तुम्ही दुसऱ्या ओळीवर असता तेव्हा समोरच्यांची अख्खी स्लाइड वाचून झालेली असते. शिवाय वाचलेले आणि ऐकलेले शब्द एकाच वेळी नीट पकडता येत नाहीत, त्यामुळे दोन्ही अर्धवट राहतात. मल्टिमीडियातून माणूस कसा शिकतो, यावर मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी अनेक वर्षं प्रयोग केले. चित्र आणि बोलणं एवढंच दिलं तर विषय चांगला समजतो, त्यात तेच बोलणं पडद्यावर अक्षरांत जोडलं की आकलन बहुधा घटतं, असं त्यांतून दिसलं. याला अपवाद आहेत. श्रोत्यांना कमी ऐकू येत असेल, भाषा त्यांची स्वतःची नसेल किंवा एखादी अनोळखी संज्ञा असेल, तर अक्षरं जरूर दाखवावीत.

मग पूर्ण वाक्यं कुठे ठेवायची? नोट्समध्ये. ‘प्रेझेंटर व्ह्यू’ चालू केला की त्या फक्त तुमच्या लॅपटॉपवर दिसतात. आणि पडद्याची गरज नसेल तेव्हा पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवरचं ‘बी’ दाबा: पडदा काळा होतो, सगळे तुमच्याकडे बघतात. पुन्हा दाबलं की स्लाइड परत येते. इतकी उपयोगी सोय फार कमी वक्ते वापरतात, याची खरंच हळहळ वाटते.

आलेखाची गर्दी

एक्सेलचा अख्खा तक्ता चिकटवू नका. ज्या दोन आकड्यांबद्दल बोलणार, तेच ठळक ठेवा. लाल आणि हिरवा एवढ्याच फरकावर अर्थ सोपवू नका, कारण काही जणांना हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत. रेषेवरच तिचं नाव लिहिलं की प्रश्न सुटतो.

व्हिडिओ चालत नाही

कारणं बहुधा तीन. एक, व्हिडिओ फाइलमध्ये नसतोच, फक्त लिंक केलेला असतो. पेन ड्राइव्हवर नुसती पीपीटी नेली की तो मागे राहतो. घालताना ‘लिंक’ न निवडता फाइलमध्येच बसवा. दोन, तो यूट्यूबवरून चालणार असतो आणि सभागृहातलं इंटरनेट दगा देतं. तीन, फॉरमॅट. २०१७ पासून आयफोन व्हिडिओ एचईव्हीसी प्रकारात साठवू शकतात, आणि काही विंडोज संगणकांवर तो उघडत नाही. एच.२६४ प्रकारातली एमपी४ फाइल करून घ्या, ती जवळपास सगळीकडे चालते.

चालला तरी एक चूक उरतेच: ‘आता एक व्हिडिओ बघू’ म्हणून बाजूला होणं. काय बघायचं ते आधी सांगा, हवा तेवढाच तुकडा कापून लावा, आणि त्यातलं निवेदन चालू असताना मध्ये बोलू नका.

चित्र दिसतं, आवाज येत नाही

आधी केबल बघा. व्हीजीए केबलमधून फक्त चित्र जातं, आवाजासाठी वेगळी वायर जोडावी लागते. एचडीएमआयमधून दोन्ही जातं, पण मग आवाज प्रोजेक्टरच्या बारीक स्पीकरकडे वळलेला असू शकतो. लॅपटॉपच्या साउंड सेटिंगमध्ये आउटपुट बदलून बघा. झूमवर असाल तर स्क्रीन शेअर करतानाच आवाज शेअर करण्याचा पर्याय निवडावा लागतो. तो राहिला तर तुम्हाला ऐकू येतं आणि बाकीचे मूकपट बघतात.

मराठी अक्षरांचा चुराडा

जुन्या, युनिकोड (अक्षरं साठवण्याची सगळ्या संगणकांना समजणारी सामायिक पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली स्लाइड दुसऱ्या संगणकावर उघडली की तिथे निरर्थक चिन्हं उमटतात, कारण तो फॉन्ट तिथे नसतो. युनिकोडमध्येच टाइप करा. विंडोजवरच्या पॉवरपॉइंटमध्ये सेव्हच्या पर्यायांत फॉन्ट फाइलमध्ये बसवण्याची सोय आहे, मात्र सगळे फॉन्ट तशी परवानगी देत नाहीत. म्हणून पीडीएफ प्रत सोबत हवीच.

सगळंच बंद पडलं तर

श्रोत्यांसमोर वायरींशी झटत बसू नका. एक-दोनदा प्रयत्न करा, नाही जमलं तर पुढे बोला. त्यासाठी प्रत्येक व्हिडिओचं सार दोन-तीन वाक्यांत सांगण्याचा सराव आधीच हवा. पीडीएफमध्ये व्हिडिओ आणि ॲनिमेशन चालत नाहीत, तेव्हा त्या प्रतीत व्हिडिओतल्या नेमक्या क्षणाचं स्थिर चित्र घाला आणि ती प्रत फोनमध्येही ठेवा.