ग्लुकोज सेन्सर वापरू लागताना

टाइप १ मधुमेहात इन्सुलिन आयुष्यभर घ्यावेच लागते. दंडावर चिकटवलेला सेन्सर त्यातून सुटका करत नाही, मात्रा ठरवणे तेवढे सोपे करतो. तो रक्तातील नव्हे, तर त्वचेखालील पेशींभोवतीच्या द्रवातील साखर मोजत असल्यामुळे त्याचा आकडा रक्तापेक्षा साधारण ५ ते १५ मिनिटे मागे असतो, आणि जेवणानंतर किंवा भरभर चालल्यावर ही तफावत विशेष जाणवते. म्हणून आकड्याइतकेच शेजारच्या बाणाकडेही पाहावे: साखर ११० वर स्थिर असणे आणि ११० वरून वेगाने घसरत असणे या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

घाम किंवा थरथर जाणवत असूनही सेन्सर सारे ठीक दाखवत असेल, तर ग्लुकोमीटरवर बोटातील रक्त तपासावे. त्यासाठी पट्ट्या घरात कायम असू द्याव्यात. साखर ७० च्या खाली गेल्यास सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा ३ छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. पेढा किंवा चॉकलेट देण्याचा मोह घरोघरी होतो, पण त्यातील स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. तातडीने रुग्णालय गाठावे.

सेन्सरच्या कुशीवर झोपल्यास दाबामुळे आकडा खोटाच कमी दिसू शकतो. चढता आलेख पाहून तासातासाला इन्सुलिन टोचू नये, कारण जेवणाआधीची मात्रा सुमारे ४ तास काम करत असते.