लांबच्या डोंगरवाटेचा शेवट सोबत्यांसह कसा साजरा करावा

तोरणा, राजगड आणि सिंहगड अशी सलग वाट चालून येणाऱ्या गटांचा शेवट बऱ्याचदा असा होतो. पुढचे चौघं पाऊण तास आधी गडावर पोचतात, दही खातात, फोटो काढतात आणि पायऱ्यांची वाट धरतात. मागचे तिघं कल्याण दरवाज्यातून आत येतात तेव्हा पुढच्यांचा फोन येतो, ‘आम्ही खाली पायथ्याच्या आतकरवाडीकडे निघालोय, या तुम्ही सावकाश.’ तीन दिवस ज्यांनी एकमेकांना पाणी दिलं, घसरड्या उतारावर हात दिला, ते शेवटच्या तासात पांगतात. मग रविवारी रात्री ग्रुपवर पन्नास फोटो येतात आणि ट्रेक संपतो.

मला हे मनापासून खटकतं. लांब वाटेचा शेवट हा त्या वाटेचाच एक टप्पा आहे. पाण्याची आणि मुक्कामाची आखणी करतो, तशी त्याचीही करायला हवी. फार खर्च लागत नाही, दोन-तीन तास मात्र राखून ठेवावे लागतात. इथे सिंहगडावर संपणारी वाट समोर ठेवून लिहितो आहे. तुमची वाट दुसरीकडे संपत असेल तर जागा बदला, क्रम हाच ठेवा.

निघण्याआधीच शेवट ठरवा

वाट नेमकी कुठे संपणार, हे पुण्यातून निघतानाच सगळ्यांना सांगा. ‘सिंहगड’ एवढं सांगून भागत नाही, कारण गडावर पोचल्यावर कुणी देवटाक्याकडे जातं, कुणी भज्यांच्या टपरीवर, कुणी पुणे दरवाज्याकडे. राजगडाकडून विंझर, कल्याण गाव अशी वाट असेल तर शेवट कल्याण दरवाजा. तिथे एकापाठोपाठ दोन दरवाजे आहेत. खालच्या दरवाज्याशी सगळ्यांनी थांबायचं, असं पक्कं करा.

काँट्री, म्हणजे सगळ्यांची वर्गणी, काढतानाच शेवटच्या जेवणाचे आणि परतीच्या गाडीचे पैसे त्यात धरा. तीन दिवसांनंतर दमलेल्या माणसांकडून पुन्हा पैसे गोळा करणं कुणालाच नको असतं.

न चाललेलं एक माणूस शेवटी स्वागताला बोलवा. कुणाची बहीण, कुणाचा जुना सोबती, कुणीही. त्याच्याकडे एक पिशवी द्या: प्रत्येकाच्या चपला, कोरडे मोजे, एक-एक सदरा, दोन टॉवेल, साबण, मोठं स्टीलचं पातेलं, कांदे, लिंबं, कोथिंबीर. हा माणूस गाडीने येईल, म्हणून घाटरस्ता सुरू आहे का ते आदल्या दिवशी बघायला सांगा. पावसाळ्यात दरडींमुळे तो कधी कधी बंद ठेवतात. रविवारी सकाळी त्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, तेव्हा जमलं तर शेवटचा दिवस शनिवार किंवा कामाचा वार ठेवा. गडावर मोकळीक मिळते आणि जेवायला वाढणाऱ्या ताईंनाही तुमच्याकडे बघायला वेळ असतो.

शेवटच्या माणसासाठी थांबा

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. पुढे पोचलेल्यांनी दरवाज्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. सावलीत बसा, पाणी प्या, पाय ताणा, पण बाहेरच. टेलला, म्हणजे सगळ्यांच्या मागे राहून कुणी सुटत नाही ना हे बघत, चालणारा आणि त्याच्यासोबतचा सगळ्यात हळू माणूस वर आला की त्यालाच पुढे करा. आधी तो आत जाईल, बाकीचे त्याच्या मागून.

कल्याण गावाकडून येणारी शेवटची चढण उन्हात अंगावर येते. जो मागे राहिला आहे त्याच्या मनात तेव्हा फक्त ‘माझ्यामुळे सगळे खोळंबलेत’ एवढंच चालू असतं. दरवाज्याशी सगळा गट उभा दिसला आणि त्याला वाट करून दिली की त्याचा चेहरा बदलतो. घोषणा द्यायची असेल तर इथे द्या. गळाभेटी, पाठीवर थाप, डोळ्यांत पाणी, जे यायचं ते येऊ द्या. वारीत लहानथोर सगळे एकमेकांना ‘माउली’ म्हणून वाकतात आणि उराउरी भेटतात. आपल्याकडे या भेटीचा रिवाज जुना आहे, त्यात संकोच कसला?

जो वाट अर्धवट सोडून गेला त्याचंही इथेच बघायचं. मोठ्या वाटेवर असं कुणीतरी असतंच. गुडघा दुखावला म्हणून राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यात उतरून मार्गासनीहून एसटीने पुण्याला परतलेला सोबती घरी बसून ग्रुप बघत असतो. त्याला आदल्या रात्रीच फोन करा आणि स्वागताच्या गाडीतून वर यायला सांगा. पायाला आराम हवा असेल तर घाटरस्त्याने गाडी वाहनतळापर्यंत येते. तिथून त्याला झेपत नसेल तर तुम्ही सगळे त्याच्यापाशी जा. तो राजगडापर्यंत तुमच्याबरोबर चालला आहे. त्याच्याशिवाय काढलेला गटाचा फोटो अपुराच.

पहिली वीस मिनिटं अंगासाठी

पोचल्या पोचल्या धपकन बसू नका. पाचेक मिनिटं हळूहळू फिरा, मग बसा. घामाने भिजलेला सदरा बदला. डिसेंबर-जानेवारीत गडावर वारा गार असतो आणि चालणं थांबलं की अंगात थंडी भरते. बूट काढा, पाय धुऊन कोरडे करा. फोड आले असतील तर फोडू नका. स्वच्छ पट्टी लावा आणि चपला घाला.

नुसतं पाणी घटाघटा पिऊ नका. दिवसभर घामातून मीठ गेलेलं असतं आणि त्यावर लिटरच्या लिटर साधं पाणी ओतलं तर त्रास होऊ शकतो. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, वरून लिंबू. हे घोट घोट घ्या. गडावर ताक मिळतं, तेही उत्तम. कुणी गरगरतंय म्हणत असेल, बोलण्यात गोंधळ होत असेल किंवा उलट्या थांबत नसतील तर सोहळा बाजूला ठेवा आणि त्याला थेट डॉक्टरांकडे न्या.

दारूबद्दल स्पष्ट लिहितो. गडावर नको, गाडीत नको, उतरल्यावर पायथ्याशीही नको. अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं, हे एक कारण. दुसरं कारण त्याहून मोठं आहे. 4 फेब्रुवारी 1670 च्या लढाईत तानाजी मालुसरे याच गडावर पडले, 1700 साली राजाराम महाराजांनी इथेच देह ठेवला. दोघांच्या समाध्या इथे आहेत. आनंद मोठ्याने व्यक्त करा, पण समाधीपासून दूर, आणि स्पीकर न लावता.

काला करा

आता माझा सगळ्यात आवडता भाग. पंढरीच्या वारीत आळंदीहून सुमारे अडीचशे किलोमीटर चालून आलेले वारकरी एकादशीला पंढरपुरात असतात, आणि आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो. तो झाल्यावर पालख्या परतीला निघतात. प्रत्येकाच्या शिदोरीतलं थोडं थोडं एकत्र करून सगळ्यांनी वाटून खायचं, हा काल्याचा गाभा. इतकी सुंदर रीत घरात असताना आपण केक कशाला शोधायचा?

ट्रेकच्या शेवटी प्रत्येक सॅकच्या तळाशी काहीतरी उरलेलं असतं. चिवड्याची अर्धी पुडी, भडंग, फुटाणे, शेंगदाणे, चुरा झालेले खाकरे, दोन काकड्या, एखादं गाजर. सगळ्यांनी सॅक पालथी करायची आणि जे निघेल ते मध्ये ठेवायचं. आधी प्रत्येक पुडीचा वास घ्या. शेंगदाणे खवट झाले असतील किंवा फरसाणाला ओल लागली असेल तर ते बाजूला काढा.

मग साबणाने हात धुतलेल्या एकानेच पातेल्यात कालवायला घ्यायचं. कोरडं आधी: भडंग, चिवडा, खाकऱ्याचा चुरा, दाणे. ते नीट एकजीव झालं की बारीक चिरलेला कांदा, काकडी, गाजर, कोथिंबीर. गुळाचा खडा उरला असेल तर किसून टाका, तिखट चिवड्याला तो छान सावरतो. मीठ चाखल्याशिवाय घालू नका, कारण फरसाणात ते असतंच. लिंबू सगळ्यात शेवटी, सगळे ताटल्या घेऊन बसल्यावर पिळायचं. आधी पिळलं तर दोन मिनिटांत सगळं लिबलिबीत होतं. कुणी कांदा खात नसेल तर कांदा घालण्याआधी त्याचा वाटा काढून ठेवा. वर्तमानपत्रावर वाढू नका, त्याची शाई पोटात जाते. प्रत्येकाच्या डब्याची झाकणं आहेत की.

पहिला घास आपल्या हाताने शेजारच्याला द्यायचा. मोठी माणसं आधी लाजतात, मग त्यांनाच ते सगळ्यात जास्त आवडतं. जानेवारीत असाल तर गुळाची पोळी बरोबर ठेवा. ती चार दिवस सहज टिकते आणि काल्यानंतर तिचा एक-एक तुकडा पुरतो.

इंग्लंडमध्ये आयरिश समुद्राकाठच्या सेंट बीजपासून पलीकडच्या रॉबिन हूड्स बेपर्यंत आडवं चालत जाणाऱ्यांची एक रीत आहे. निघताना पश्चिमेच्या समुद्रात बूट बुडवायचे, तिथला एक खडा खिशात घ्यायचा, आणि पूर्वेच्या समुद्रात बूट बुडवून तो खडा तिथे सोडायचा. कल्पना गोड आहे, पण आपल्या गडावरून दगड उचलून आणू नका. काहीतरी नेऊन शेवटी वाटायचंच असेल तर पहिल्या दिवशी तोरण्याच्या पायथ्याला वेल्ह्यात घेतलेला गूळ न्या आणि तोच काल्यात घाला.

जेवण आणि बोलणं

काला भुकेपुरता असतो, जेवण वेगळं. गडावर पिठलं-भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा, कांदाभजी आणि मातीच्या मडक्यातलं दही मिळतं. दहाजण एकदम जाऊन बसलात तर भाकऱ्या थापायला वेळ लागतो. वाटेत रेंज मिळाली की ओळखीच्या ताईंना माणसं किती आणि साधारण कधी ते कळवा. सूर्य कलल्यावर बरेच विक्रेते आवरायला लागतात, म्हणून दुपारी तीनच्या आत पोचण्याचा हिशेब धरा. भजी शेवटी आणि थोडीच. दमलेल्या पोटाला आधी भाकरी द्यावी.

जेवताना एक फेरी करा. प्रत्येकाने गटातल्या एकाच माणसाचं नाव घ्यायचं आणि त्याने वाटेत काय केलं ते सांगायचं. ‘तोरण्याच्या बुधला माचीवरून उतरताना माझे पाय लटपटत होते, तेव्हा तू माझ्या खाली उभा राहिलास.’ एवढं पुरे. भाषण नको, ट्रेक लीडरचे आभार नकोत, किती किलोमीटर आणि किती वेळ हेही नको. कोण काय सांगेल याचा अंदाज येत नाही. ज्याने तीन दिवसांत दहा वाक्यं उच्चारली असतील त्याचं नाव तिघं घेतात. पहाटे चूल पेटवणारा, सगळ्यांच्या बाटल्या भरून आणणारा, त्यांची कामं इथे पहिल्यांदा मोठ्याने बोलली जातात.

मग गावातल्या माणसांची नावं घ्या. वाट दाखवायला खिंडीपर्यंत आलेले मामा, गुंजवण्यात रात्री अकराला दार उघडून अंगण झोपायला देणाऱ्या मावशी. त्यांना रेंज असेल तर सगळ्यांनी मिळून तिथूनच फोन लावा. ‘पोचलो मावशी’ हे त्यांनाही ऐकायचं असतं, काळजीत असतात त्या.

उठताना केर गोळा करा, तुमचा आणि आजूबाजूचा दिसेल तेवढा, आणि पिशवी पुण्यापर्यंत आणा.

घरी परतताना

तीन दिवस अपुऱ्या झोपेने चाललेल्या माणसाने दुचाकी चालवू नये. भरपेट जेवणानंतर डोळे मिटायला लागतात आणि घाटातली वळणं तुमच्यासाठी थांबत नाहीत. स्वागताला आलेला माणूस गाडी चालवेल किंवा पायथ्याहून पीएमपीने या. गाड्या पायथ्याला लावलेल्या असतील तर त्या दुसऱ्या दिवशी नेता येतात. प्रत्येकाने घरी पोचल्यावर ग्रुपवर एक शब्द टाकायचा. टेलच्या माणसाने सगळे शब्द आले की झोपायचं.

पंधरा दिवसांनी पुन्हा बसा

मोठ्या वाटेनंतरच्या आठवड्यात मन उदास होतं, ऑफिसात लक्ष लागत नाही. तीन दिवसांत लागलेली सोबतीची सवय एकदम सुटते. म्हणून पुण्यातली दुसरी बैठक गडावरच ठरवून टाका, तारखेसह. नारायण पेठेत सकाळची मिसळ, नाहीतर कुणाच्या तरी गच्चीवर संध्याकाळ. गच्ची जास्त चांगली, कारण तिथून कुणी उठवत नाही. घरच्यांनाही बोलवा, तीन दिवस मुलं आणि घर त्यांनी सांभाळलेलं असतं.

या बैठकीत तीन कामं उरका. हिशेब पैशापर्यंत मिटवा. अदलाबदल झालेल्या बाटल्या, टॉर्च, पावसाळी जॅकेटं परत करा. आणि वाटेची टिपणं एकाच वहीत लिहा: पाणी कुठे होतं, कुठली पायवाट मोडली आहे, कुठल्या वळणावर चुकायला होतं. पुढे ही वाट चालणाऱ्याला ती वही देता येईल.

फोटो पन्नास नकोत, दहा निवडा आणि त्यांतले तीन-चार कागदावर छापून घ्या. ज्यांच्या अंगणात झोपलात त्यांचा त्यांच्या घरासमोरचा फोटो त्यात हवाच. काँट्रीतून उरलेले पैसे याला वापरा. फोटो टपालाने पाठवू नका, दोघांनी जाऊन द्या. सुगीच्या दिवसांत दुपारी घरी कुणी सापडत नाही, तेव्हा सकाळी आठच्या आत पोचा आणि चहाला थांबायची तयारी ठेवा.