कोरकू शिकायला गेले आणि तीन दिवस दोनच मोजत बसले

भाषाविज्ञानाच्या एम.ए.ला प्रवेश घेताना डोक्यात एकच खूळ होतं: मेळघाटात जायचं आणि तिथल्या आदिवासींची कोरकू भाषा ‘वाचवायची’. आता दर उन्हाळ्यात असंच खूळ घेतलेल्या दोघाचौघांचे मला फोन येतात. त्यांना जे सांगते, तेच इथे लिहून ठेवतेय.

ही पदवी भाषा नोंदवायला शिकवते. ध्वनी ओळखणं, शब्दांची रूपं सुटी करणं, व्याकरण मांडणं, रेकॉर्डिंग जपून ठेवणं, एवढं ती नीट करून घेते. भाषा पुन्हा पोरांच्या तोंडी कशी बसेल, हे काम निराळं. माझ्या दोन वर्षांत त्यावर एक ऐच्छिक पेपर होता आणि तो घ्यायला आम्ही तिघं. अमेरिकेच्या हवाई बेटांवरचा क्रम बघा. तिथल्या शिक्षकांनी ‘पूनाना लेओ’ ही संस्था १९८३ मध्ये काढली आणि हवाईयन माध्यमाच्या बालवाड्या उभ्या केल्या. हिलोच्या विद्यापीठातलं हवाईयन भाषेचं स्वतंत्र महाविद्यालय आलं १९९७ मध्ये. आधी बालवाडी, मग विद्यापीठ. त्यामुळे आपल्याला नोंदवायचंय की शिकवायचंय, हे अर्ज भरण्याआधी स्वतःला विचारा. मी विचारलं नव्हतं.

शिकायचं कुठे, यावर फार डोकं शिणवू नका. पुण्याचं डेक्कन कॉलेज, मुंबई विद्यापीठ, दिल्लीचं जेएनयू, सगळीकडे भाषाविज्ञान आहे. म्हैसूरची भारतीय भाषा संस्था १९६९ पासून याच कामात आहे. मुंडारी, ‘हो’, खडिया, कुडुख या झारखंडकडच्या आदिवासी भाषाच विषय म्हणून शिकायच्या असतील तर रांची विद्यापीठ. संथालीला तर स्वतःची ओल चिकी लिपी आहे, २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत जागा मिळाली आहे, आणि प्राध्यापकीसाठी लागणारी नेट परीक्षाही तिच्यात देता येते.

कोरकूचं मात्र मधल्या भावंडासारखं झालंय. २०११ च्या जनगणनेत तिचे भाषक सात लाखांच्या वर आहेत. लुप्तप्राय भाषांसाठी केंद्राची जी योजना २०१३ मध्ये म्हैसूरच्या संस्थेकडे आली, ती दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांसाठी. म्हणजे तिथे बसायला कोरकू फार मोठी आणि अनुसूचीत बसायला राजकीयदृष्ट्या फार छोटी. तुमची भाषा कोणत्या खान्यात पडते ते आधी बघा, कारण पुढे फेलोशिप त्यावरच अडते. शेजारच्या बुलढाण्यातली निहाली बघा. जगातल्या कुठल्याच भाषाकुळात न बसणारी, भाषक जेमतेम दोनेक हजार. तिच्याकडे परदेशी संशोधकांचंही लक्ष जातं.

आता फजितीबद्दल. पहिल्या फेरीला मी चित्रं काढून नेली होती. दोन कुत्रे, दोन शेळ्या, दोन बैल. एकाहून जास्त दाखवायचं तर दोन पुरे, असा मराठी हिशेब. कुत्रा ‘सिता’, चित्रातले कुत्रे ‘सिताकिंग’. वहीत ठळक लिहिलं: अनेकवचनाचा प्रत्यय ‘किंग’. तीन दिवस तेच. चौथ्या दिवशी गल्लीतून कुत्र्यांची टोळी भुंकत आली आणि अंगणातलं पोरगं ओरडलं, “सिताकू!” म्हणजे ‘किंग’ फक्त दोघांसाठी, त्याहून जास्त असले की ‘कू’. रामः रामौ रामाः घोकून आलेल्या मुलीला द्विवचन सुचू नये! बरं, तो ‘कू’ भाषेच्या नावातच बसलेला: कोरो म्हणजे माणूस, कोरकू म्हणजे माणसं. तेव्हापासून माझ्या चित्रांत एक, दोन आणि पाच असे कुत्रे असतात.

मराठी माणसाला इथे एक गोष्ट फुकटात मिळते. आपल्याकडे ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे आहेत, तसे कोरकूतही वेगळे आहेत. मेळघाटात परक्याशी बहुतेक लोक हिंदीत बोलतात, म्हणून मीही प्रश्न हिंदीतून विचारायचे. तिथल्या ‘हम’मध्ये हा फरक बुडून जायचा. ज्यांना मराठी येतं त्यांना मराठीतूनच विचारा.

आणि छापील प्रश्नावली तोंडपाठ करून जाऊ नका. त्यात भूतकाळासाठी एक वाक्य होतं, “माझा मुलगा मेला.” मी एका आजींना ते कोरकूत सांगायला लावलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, “ऐसा नहीं बोलते, बेटा,” म्हणाल्या आणि पदर खोचून आत गेल्या. त्या दिवशी पुन्हा बाहेर आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी वही न उघडता त्यांच्यासोबत मोहफुलं वेचली. त्या आपसूक बोलत राहिल्या. भूतकाळाची रूपं त्या सकाळी जेवढी मिळाली, तेवढी प्रश्नावलीतून आठवड्यात मिळाली नव्हती.

मेहनत खरी परतल्यावर. ईलॅन नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात आवाजाच्या पट्टीखाली ओळ ओळ लिहायची. एका मिनिटाच्या गप्पांना मला सुरुवातीला दीड तास लागायचा. काही शब्दांत घसा क्षणभर बंद होतो, तो ठसका देवनागरीत कसा दाखवायचा यावर आमचे वाद झाले. मी आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीतलं चिन्ह सुचवलं. गावातल्या गुरुजींनी विचारलं, “हे मोबाइलवर कसं टाइप करायचं?” शेवटी त्यांनी सुचवलेली खूण ठरली, कारण लिहिणार तेच. माइकला वारा अडवणारं फरचं टोपडं घ्या, पैसे वाचवू नका. माझी पहिल्या फेरीची निम्मी रेकॉर्डिंग्ज नुसती वाऱ्याची आहेत.

नोकरीचं म्हणाल तर प्राध्यापकाची जागा धरून चालू नका. मिळतात ती प्रकल्पांची वर्षा-दोन वर्षांची कंत्राटं, पाठ्यपुस्तकांची कामं, क्वचित कंपन्यांची भाषेचा डेटा गोळा करायची कामं. शेवटच्या प्रकाराला पैसे बरे असतात, पण आवाज कुणाच्या मालकीचा राहील हे करारात वाचूनच सही करा. गावकऱ्यांना ते समजावून सांगणारं दुसरं कुणी नसतं.

सगळं रेकॉर्डिंग गावाला परत द्यायचं, असं मी पहिल्यापासून ठरवलं होतं. विद्यापीठाच्या संग्रहाची लिंक पाठवली, कुणी उघडली नाही. मग मेमरी कार्डं भरून नेली. त्या आजींच्या नातवाने कार्ड फोनमध्ये टाकलं, बराच वेळ अंगठा फिरवला आणि म्हणाला, “दीदी, इसमें दादी किधर है?” फाइलींची नावं कोरकूच्या आंतरराष्ट्रीय भाषा-कोडवरून ‘केएफक्यू ०१४’, ‘केएफक्यू ०१५’ अशी होती. त्याच्या ओसरीवर बसून रात्रीपर्यंत आम्ही दोघांनी नावं बदलली. चौदा नंबरचं नाव त्याने दिलं: ‘दादी, कोल्ह्याची गोष्ट, मध्येच हसते’.